रीडचं सभागृह : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

ठरलं एकदाचं. १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाला भाचीच्या कॉलेजात प्रदर्शन आहे. त्यात मी लंडनचं १८३६ सालचं तात्पुरतं हाउस ऑफ कॉमन्स, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचं खालचं सभागृह, मांडणार, तेही चालतं. हवा तळघरातून आत येईल, जमिनीतून वर चढेल, छतातून बाहेर पडेल आणि धुराड्याने निघून जाईल. पंखा नाही, मोटार नाही, नुसती उष्णतेची ओढ. हवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून उदबत्तीचा धूर सोडायचा.

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मामा, त्या काळचंच काही दाखवायचं तर क्रिस्टल पॅलेस घे ना, लोक ओळखतात तरी." लंडनची ती काच-लोखंडाची प्रसिद्ध प्रदर्शन-इमारत. तिचं चूक नाही. पण मी चौतीस वर्षं एसीच्या कामात काढली. कारखाने, नाट्यगृहं, ऑपरेशन थिएटरं. आमच्या विद्येचा मूळपुरुष कोण असं विचारलं की सगळे विलिस कॅरियरचं नाव घेतात, साल १९०२. त्याच्या ६६ वर्षं आधी एडिंबरोच्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने अख्ख्या सभागृहाला गाळलेली, तापवलेली, दमट केलेली हवा पुरवली होती. त्याचं नाव डेव्हिड बॉसवेल रीड. आम्ही शिकलो त्या पुस्तकांत हे नाव मी कधी वाचलं नाही, आणि निवृत्तीनंतर ही गोष्ट मला फार लागून राहिली आहे.

राणी व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये, म्हणजे हे सभागृह तिच्याही आधीचं. पण पुढच्या साठ वर्षांत इंग्लंडच्या न्यायालयांत, तुरुंगांत, इस्पितळांत हवेवरून जे वाद झाले त्यांचं मूळ इथे आहे. म्हणून सुरुवात इथूनच.

५ ऑगस्ट

मिस्त्रींना कागदावर छेद काढून दाखवला. तळाला प्लायची पेटी, वर ॲक्रिलिकचं सभागृह ८० × ३५ सेंटिमीटर, उंची ४०. एका अंगाला तीन इंची पत्र्याचा पाइप, १ मीटर ३० सेंटिमीटर, हे धुराडं. मिस्त्री बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे चुलीसारखंच की. धूर वर गेला की खालून वारा आपोआप ओढला जातो." एवढं कळलं म्हणजे पाऊण काम झालं.

मूळ इमारतीची हकीकतही त्यांना सांगितली. वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, म्हणजे कॉमन्स आणि लॉर्ड्स ही दोन्ही सभागृहं असलेली पार्लमेंटची इमारत, १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री जळाला. सरकारी हिशेबाच्या जुन्या लाकडी कांड्यांचे ढीग पडून होते, ते लॉर्ड्‌सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत दिवसभर जाळले. धुराच्या वाटा प्रमाणाबाहेर तापल्या. दुपारी सभागृह पाहायला आलेल्या लोकांना जमीन बुटांच्या तळव्यांतून गरम लागत होती आणि आत धूर भरला होता. कोणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी इमारत पेटली.

त्यानंतर कॉमन्सची बैठक लॉर्ड्‌सच्या वाचलेल्या, डागडुजी केलेल्या दालनात भरू लागली. १८३५ मध्ये हवा आणि आवाज यांचा विचार करायला समिती बसली. तिच्यापुढे साक्ष द्यायला आलेल्यांत मायकेल फॅरेडे होता आणि रीडही होता. रीड एडिंबरोत शेकडो विद्यार्थ्यांकडून एकाच खोलीत रसायनांचे प्रयोग करून घ्यायचा. तिथले वायू खोलीबाहेर काढायला त्याने वर्गाच्या बांधणीतच वाटा ठेवल्या होत्या. विषारी वायूंचा वर्ग चालवणाऱ्या माणसाला खासदारांच्या उच्छ्वासाची काळजी घ्यायला बोलावलं, ही निवड मला अगदी योग्य वाटते.

९ ऑगस्ट

पेटीचं काम झालं. हवेची वाट रीडच्या क्रमानेच ठेवली आहे. आधी आत येण्याचं तोंड, मग कापडाचा पडदा. लंडनच्या हवेत काजळी इतकी होती की रीडने हवा कापडातून गाळून घेतली. मी मांजरपाट लावला आहे. त्यामागे गरम पाण्याच्या नळ्यांची खोली. त्याच्याकडे सगळी हवा नळ्यांवरून नेण्याची सक्ती नव्हती. थंड हवेला वेगळी वाट होती, आणि झडपा कमीजास्त उघडून दोन्ही मिसळता येत होत्या. आमच्या भाषेत हे मिक्सिंग डॅम्पर. माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांनी मला डॅम्पर समजावला तो १९७० च्या दशकातला अमेरिकन कॅटलॉग दाखवून. त्यांनाही हे ठाऊक नसणार.

मग सभागृहाच्या जमिनीखालची मोकळी पोकळी. तिथे हवा पसरते, तिचा वेग मंदावतो आणि मगच ती वर निघते. पोकळीला मी १२ सेंटिमीटर दिले. मिस्त्री आठवर आले होते, मी ऐकलं नाही.

१३ ऑगस्ट

आज जमीन. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेला भाग.

रीडने सभागृहाच्या लाकडी जमिनीला गिरमिटाने भोकं पाडून घेतली. दहा-वीस नव्हेत, लाखो. वर घोड्याच्या केसांचा विरळ विणीचा गालिचा अंथरला. हवा त्या भोकांतून आणि केसांतून झिरपत वर यायची. भाचीचा प्रश्न सरळ होता, "चार मोठ्या जाळ्या लावल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" तोंडी उत्तर दिलं नाही. दोन जमिनी केल्या.

पहिल्या पत्र्यात १० मिलिमीटरची ६० भोकं. दुसऱ्यात दीड मिलिमीटरची २७००. ॲक्रिलिकवर हाताने ड्रिल केलं तर ते वितळून बिटाला चिकटत होतं, चाळिसाव्या भोकाला हात टेकले. दुसरी जमीन लेझरवाल्याकडून कापून आणली. दोन्ही जमिनींतलं एकूण उघडं क्षेत्रफळ जवळपास सारखंच आहे, ४७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हवा तेवढीच जाणार.

पहिली बसवली, खाली दोन उदबत्त्या लावल्या, धुराडं तापवलं. धुराचे दोर वर गेले, छतावर आपटले आणि वळून खाली आले. कोपऱ्यांत हवा तशीच कोंडलेली. दोरावर बोट धरलं की गार झोत कळतो. खासदार तिथे तासन्‌तास बसणार, त्यांच्या घोट्यांना हा झोत लागला असता.

दुसरी जमीन बसवली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर वाफ सगळीकडून एकदम वर येते ना, तसा धूर आला. अख्ख्या जमिनीतून, सावकाश, सपाट. कोपऱ्यांतूनही. भाची गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावून बघत होती. पाच मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

हवा तितकीच, वाट वेगळी. रीडने हे गिरमिटाने साधलं. आज थिएटरात खुर्चीखालून हवा देतात त्याला आम्ही डिस्प्लेसमेंट व्हेंटिलेशन म्हणतो आणि ते नवं म्हणून विकतो.

या जमिनीचा दोषही लिहून ठेवतो, कारण प्रदर्शनात कोणीतरी विचारेलच. लोक बाहेरून चिखलाचे बूट घेऊन येत, आणि त्यांच्या पायाखालच्या गालिच्यातून आलेली हवा त्यांच्याच नाकात जात असे. धुळीची तक्रार झाली आणि ती खरी होती.

१७ ऑगस्ट

धुराड्याची चाचणी. खऱ्या धुराड्याच्या तळाशी कोकची शेगडी होती. कॉलेजात आग चालणार नाही म्हणून मी २०० वॉटचं कॉइल बसवलं. पहिल्या चाचणीत धूर मागे फिरून सभागृहात आला. जोड गळत होते. क्लोरोफॉर्मने सांधे पुन्हा चिकटवले, पाइपच्या बुडाला ॲल्युमिनियमची टेप गुंडाळली. दुसऱ्यांदा चाललं.

आकडे: खोली २८ अंश, धुराड्याच्या तळाशी ७०. १ मीटर ३० सेंटिमीटर उंचीला ही ओढ दोन पास्कलपेक्षा (पास्कल हे दाबाचं एकक) थोडी कमी भरते. धुराने भरलेलं सभागृह दीड मिनिटात निवळलं.

मग खऱ्याचा हिशेब केला. रीडचं धुराडं शंभर फुटांहून उंच. बाहेर १० अंश आणि आत ५० धरलं तर ओढ येते सुमारे ५० पास्कल. पाण्याच्या भाषेत अवघे ५ मिलिमीटर. एवढ्या ओढीवर शेकडो माणसांचं सभागृह चालायचं, तेही विजेच्या पंख्याच्या कितीतरी आधी.

माणशी किती हवा द्यायची यावर तेव्हा एकमत नव्हतं. १८२० च्या दशकात टॉमस ट्रेडगोल्ड या इंग्लिश अभियंत्याने मिनिटाला ४ घनफूट पुरेसे मानले. रीड १० म्हणाला. शतक संपत आलं तेव्हा जॉन बिलिंग्ज हा अमेरिकन लष्करी डॉक्टर ३० मागत होता. मी नोकरीत असताना १५ ते २० धरायचो. रीडचा आकडा आज कमी वाटतो, पण माणसं मोजून हवा द्यायची हा आग्रह त्याचा. सभागृह भरलं की झडप जास्त उघडायची, रिकामं झालं की आवरायची.

२१ ऑगस्ट

छत. रीडने जुन्या दालनात नवं, खालच्या पातळीवरचं, तिरक्या बाजूंचं छत केलं. आवाज सगळीकडे नीट पोहोचावा हा एक हेतू, वापरलेली हवा गोळा व्हावी हा दुसरा. एकाच आकारातून दोन कामं. दुपारभर तिरके काप जमेनात, शेवटी पुठ्ठ्याचा साचा करून मगच ॲक्रिलिक कापलं.

छताचं काम करताना त्याच्याही आधीच्या छताची गोष्ट भाचीला सांगितली आणि मग तिने मला कामच करू दिलं नाही.

आगीपूर्वी कॉमन्स भरायचं सेंट स्टीफन्स चॅपलमध्ये. दालन अरुंद आणि गर्दी अफाट. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने गरम हवा निघायला छताला वाटा करून दिल्या होत्या. १७३० च्या दशकात जॉन डेझाग्युलिए याने हवा ओढणारं हाताने फिरवायचं चाक बसवलं. ते फिरवणाऱ्या माणसालाच 'व्हेंटिलेटर' म्हणत. हा शब्द आधी माणसाचा होता, मग यंत्राचा झाला. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या माणसाचा विचार करत होतो. वर अंधारात, खालचं एक अक्षर न समजता, चाक फिरवतोय.

आणि आता त्या छतावरची खरी गोष्ट. १७७८ मध्ये बायकांना प्रेक्षागृहातून बाहेर काढलं आणि पुढे त्यांना तिथे बसू देणं बंद झालं. पण दालनाच्या छतावरच्या माळ्यात, मधोमध, हवा बाहेर काढणारा लाकडी कंदिलासारखा एक डोलारा होता. बायका त्या माळ्यावर चढायच्या, डोलाऱ्याच्या फटींना डोळे आणि कान लावायच्या आणि खालची भाषणं ऐकायच्या. खालून झुंबरांच्या मेणबत्त्यांचा धूर, शेकडो पुरुषांच्या अंगाची ऊब आणि उच्छ्वास, हे सगळं त्यांच्या तोंडावर येत असे. देशाचा कारभार त्यांना ऐकू यायचा तो त्याच भोकातून. १८३४ च्या आगीत तो माळाही गेला.

आगीनंतर बांधलेल्या नव्या राजवाड्यात बायकांसाठी गॅलरी केली, पण तिला धातूची जड जाळी लावली, म्हणजे खालच्यांना त्या दिसू नयेत. आत कोंदट आणि गरम. २८ ऑक्टोबर १९०८ ला बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स यांनी स्वतःला त्या जाळीला साखळीने बांधून घेतलं. साखळी तोडता येईना म्हणून जाळीसकट त्यांना बाहेर न्यावं लागलं. १९१७ मध्ये जाळ्या कायमच्या काढल्या.

भाची म्हणाली, "मामा, प्रतिकृतीत तो माळा पण करू या." हे सभागृह त्यानंतरचं आहे, माळा इथे बसत नाही. पण बाजूला छोटा छेद ठेवायचं ठरवलं, सेंट स्टीफन्सच्या माळ्याचा, खाली दिवा आणि वर फटी. तो ती करणार. चौतीस वर्षं मी रिटर्न एअरचे, म्हणजे वापरलेली हवा परत नेणारे, मार्ग आखले. त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला कोणी कान लावून बसलं असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

२५ ऑगस्ट

काम पुढे गेलं नाही. मिस्त्री मंडळाच्या गणपतीच्या सजावटीत अडकलेत. तेवढ्यात रीडच्या पुढच्या आयुष्याचा फलक लिहिला. तो लिहिताना हात जड झाला.

तात्पुरतं सभागृह चाललं म्हणून १८४० मध्ये नव्या राजवाड्याच्या हवेचं काम रीडकडे आलं. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी. त्याची योजना १८३६ सालीच स्पर्धेत निवडली गेली होती आणि बांधकाम सुरू होतं. रीडला हवेसाठी भिंतींत, जमिनींखाली, छतांवर प्रचंड जागा हवी होती. दूषित हवा आणि धूर एकाच ठिकाणी नेऊन उंचावरून सोडायला इमारतीच्या मध्यावर एक मनोराही हवा होता. तो सेंट्रल टॉवर बॅरीच्या मूळ आराखड्यात नव्हता, रीडमुळे आला. सुमारे ३०० फूट उंच.

पुढे दोघांचं इतकं बिनसलं की समोरासमोर बोलणं थांबलं, पत्रं सुरू झाली. समित्या बसल्या, लवाद नेमला, कामं अडकली. १८४६ मध्ये तोडगा निघाला तो असा, लॉर्ड्‌सची हवा बॅरीकडे आणि कॉमन्सची रीडकडे. एकाच धडात दोन फुप्फुसं, दोघांचे मालक वेगळे. ज्या मनोऱ्यासाठी एवढा आग्रह धरला तो रीडच्या मनातल्या योजनेप्रमाणे कधी चाललाच नाही. १८५२ मध्ये कॉमन्स नव्या दालनात गेलं, हवेच्या तक्रारी झाल्या आणि रीडला काढून टाकलं.

वृत्तपत्रांनी रीडची टिंगल केली आणि पुढेही अनेकांनी त्याला हेकट ठरवलं. हेकट तो होताच. पण मी त्याच्या बाजूचा आहे आणि का ते सांगतो. मी एका नाट्यगृहाचं काम केलं होतं. फॉल्स सीलिंगच्या वर ९०० मिलिमीटर मागितले होते. तुळया पडल्यावर हातात आले ४००. डक्ट चेपून नेला, वेग वाढला, आवाज वाढला, म्हणून पंखा मंद केला, म्हणून बाल्कनीत घाम. पहिल्याच प्रयोगाला माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाई पदराने वारा घेत होत्या. सगळ्यांनी विचारलं, "एसीवाला कोण?"

तात्पुरत्या सभागृहात रीड यशस्वी झाला कारण तिथे जमीन त्याची, छत त्याचं, धुराडं त्याचं. हवेला तिथे पहिल्या रेषेपासून जागा होती. राजवाड्यात ती दुसऱ्याच्या भिंतींमधून उरलेली जागा मागत फिरली.

३१ ऑगस्ट

घरी गणपती, पाहुणे. रात्री थोडं वाचन.

रीडच्या चुकीचीही नोंद हवी, नाहीतर फलक एकतर्फी होईल. १८४१ मध्ये ब्रिटनने पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीवर मोहीम काढली. आगबोटींना हवा गाळून, रसायनांवरून नेऊन खाली पोहोचवण्याची यंत्रणा रीडने केली. ताप दूषित हवेतून येतो, हे तेव्हाचं सर्वमान्य मत. यंत्रणा चालली, पण ताप आलाच आणि माणसं एकामागून एक दगावली. हा ताप, म्हणजे मलेरिया, डासांतून येत होता. ते रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत शोधलं १८९७ मध्ये.

म्हणजे अर्धशतकभर या सगळ्या इमारती चुकीच्या कारणासाठी मोकळ्या हवेच्या केल्या गेल्या. तरीही त्यांतल्या माणसांचं भलं झालं, कारण काजळी, धूर, कोंडलेला श्वास हे खरोखरच वाईट होतं. म्युनिकच्या माक्स पेटेनकोफरने १८५८ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरून खोलीची हवा जोखायची पद्धत दिली. दहा हजारांत दहा भाग ही त्याची मर्यादा. आजच्या मीटरवर १००० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत हजार भाग. करोनात आम्ही वर्गखोल्यांत तोच आकडा पाहत होतो.

४ सप्टेंबर

मिस्त्री परत आले. झडपा करायच्या म्हणून लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलकडे वळलो, तिथली हवाही रीडचीच.

इथे रीडला नशिबाने साथ दिली. वास्तुविशारद हार्वे लॉन्सडेल एल्म्स तरुण होता आणि त्याने रीडच्या यंत्रणेला इमारतीच्या पोटात जागा दिली. मैफिलींचं भव्य दालन आणि न्यायालयं एकाच छपराखाली. एल्म्स क्षयाने १८४७ मध्ये जमैकात गेला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. इमारत १८५४ मध्ये उघडली, ती त्याने पाहिली नाही.

पूर्वेकडच्या दोन वाटांनी हवा तळघरात यायची, हिवाळ्यात गरम पाण्याच्या नळ्यांवरून, उन्हाळ्यात गार पाण्याच्या साहाय्याने. दहा फुटी चार पंखे ती पुढे ढकलायचे. आणि कोणत्या दालनाला किती हवा द्यायची हे ठरवायला तळघरभर कॅनव्हासच्या झडपा होत्या. त्या दोऱ्या ओढून माणसं उघडझाप करायची. वर खटला चाललाय, गर्दी वाढली, खाली एकाने दोरी ओढली. सेन्सर म्हणजे माणूस, कंट्रोलर म्हणजे माणूस.

मांजरपाटाच्या चार झडपा केल्या, दोऱ्या पेटीबाहेर काढल्या, टोकांना लाकडी मणी. लाल गरम हवेची, निळी थंड हवेची, पिवळी जमिनीखालची, पांढरी धुराड्याची.

७ सप्टेंबर

आज प्रतिकृती नीट चालली आणि तरीही सगळं फसलं. पावसामुळे ती गॅलरीतून स्वयंपाकघराशेजारी आणली होती. बहिणीने भजी तळायला घेतली. दहा मिनिटांत ॲक्रिलिकच्या सभागृहात तेलाचा वास आणि बारीक धूर भरून राहिला. मांजरपाटाने काजळी अडवली असती, वास कुठला अडतो? भाची हसत सुटली आणि मला १८५८ आठवलं.

त्या उन्हाळ्यात थेम्स इतकी कुजली की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसवेना. खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात, भिजवून टांगले. रीडनंतर १८५४ मध्ये हवेचं काम गोल्ड्सवर्दी गर्नीकडे आलं होतं, खाणींच्या हवेचा जाणकार. त्यानेही सभापतींना कळवलं की सभासदांच्या आरोग्याची जबाबदारी मी यापुढे घेऊ शकत नाही. मला त्या पत्राचा आदर वाटतो. आतली यंत्रणा कितीही सुधारली तरी बाहेरची हवा नासली की तिचा इलाज आत नसतो. उपाय निघाला तो अभियंता जोसेफ बॅझलजेटच्या गटारांचा, ज्याचा कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला.

हवा आत घेण्याचं तोंड आता पेटीच्या मागच्या अंगाला, उंचावर. पुठ्ठ्याची नळी जोडली.

११ सप्टेंबर

दोन फलक उरलेत, आज एकच झाला. नदीच्या पलीकडे, पार्लमेंटच्या बरोबर समोर, १८७१ मध्ये सेंट टॉमस रुग्णालय उघडलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या विचाराचं. लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, यंत्रं नकोत. अलीकडच्या काठावर भट्ट्या, झडपा, बोगदे. थेम्सच्या दोन काठांवर हवेची दोन मतं एकमेकांकडे बघत उभी होती. भाचीचं मत पलीकडचं, माझं अलीकडचं. वाद रात्री साडेअकरापर्यंत चालला आणि मी खिडक्यांच्या बाजूने दोन मुद्दे सोडले.

दादाभाई नौरोजी १८९२ ते १८९५ लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघाचे खासदार होते. त्या तीन वर्षांत त्यांनी जी भाषणं केली ती खालच्या तळघरातून आलेल्या हवेत. फलकावर एवढी ओळ घातली.

बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयाचा फलक उद्या. उघडलं १९०३ मध्ये, राणीनंतर. तिथे हवा आत घेताना ओल्या काथ्याच्या दोरांच्या पडद्यातून नेत. काथ्या म्हटल्यावर मिस्त्रींचे डोळे चमकले, ते मालवणकडचे. "मग आपणपण लावू या की." मांजरपाट काढून त्यांनी नारळाच्या काथ्याचा छोटा पडदा विणला. १८३६ च्या प्रतिकृतीत तो बसत नाही, म्हणून भाचीच्या माळ्याशेजारी वेगळा ठेवणार. पाणी मारलं की हात लावून गारवा कळतो. मुलांना आवडेल.

१४ सप्टेंबर, रात्री

सगळं कॉलेजात पोहोचलं. टेंपोत धुराडं वाकलं होतं, सरळ केलं. हॉलमध्ये एसी चालू आहे, त्याचा झोत थेट आमच्या टेबलावर, धुराड्याच्या तोंडाशी हवा उलटी वळत होती. सुरक्षारक्षकाला विनंती केल्यावर त्याने ग्रिलला पुठ्ठा लावून दिला.

शेवटची चाचणी. कोणी दोऱ्यांना हात लावला नाही तर सभागृह वीस मिनिटांत कोंदटतं. धुराडं तापत जातं, जास्त ओढतं, थंड वाट मिटलेली असते, नळ्यांवरूनच सगळी हवा येते आणि आत तापमान चढतं. निळी दोरी दोन बोटं ओढली की चार मिनिटांत उतरतं. म्हणजे टेबलाशी सतत कोणीतरी हवं. बोलत उभं राहणारं नको, थर्मामीटर बघणारं हवं.

भाचीने कागदावर पाळ्या लिहिल्या आणि दर दहा मिनिटांनी आतलं तापमान, कोणती दोरी, किती, असे रकाने आखले.

१० ते १२ मी. १२ ते २ भाची. ४ ते ६ मिस्त्री, त्यांनी आपणहून मागितली.

२ ते ४ अजून कोणी नाही. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारायचं.